फवारणी पंपाची स्वच्छता व घरच्या घरी दुरुस्ती

खंडेनवमीच्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी नांगर, वखर, कोळपे, विळा, कोयता ही सारी अवजारे धुऊनपुसून एका ओळीत मांडली जातात व त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. या पंक्तीत फवारणीच्या पंपाला मात्र क्वचितच स्थान मिळते. तो बहुधा गोठ्याच्या कोपऱ्यात खुंटीला टांगलेला असतो व मागील फवारणीचे उरलेसुरले औषध त्याच्या टाकीत तसेच वाळून गेलेले असते. वास्तविक इतर कोणत्याही अवजारापेक्षा या पंपाची निगा अधिक काळजीने राखणे जरूर आहे. वखराची पास बोथट झाली तर काम थोडे मागे पडते एवढेच. परंतु पंप गळू लागला तर त्यातील विष प्रथम फवारणाऱ्याच्या अंगावर उतरते. आपण त्यास ‘औषध’ म्हणतो खरे, पण ते विष आहे ही गोष्ट क्षणभरही विसरून चालणार नाही.

सन 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, हे सर्वांच्या स्मरणात असेलच. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि पंपाची गळती हे विष अंगावर येण्याचे असे एक कारण आहे की, ते दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्यास मोठा खर्च लागत नाही व कारागिराकडेही नेहमीच जावे लागत नाही. घराच्या पडवीत वा अवजारांच्या खोलीत बसून, अर्ध्या दिवसाच्या कामाने बहुतेक पंप सुस्थितीत आणता येतात. ते काम कसे करावे याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

कामाची जागा व साहित्य

पंप उघडण्यासाठी मोकळी, हवेशीर जागा निवडावी. धान्याची कोठी, स्वयंपाकघर, वैरणीची गंजी व गुरांची दावण यांपासून ती दूर असावी आणि लहान मुलांना तेथे येऊ देऊ नये. जवळ एक स्क्रू पाना, एक पक्कड, पेचकस, दात घासण्याचा जुना मऊ ब्रश, रुंद तोंडाचे पातेले, मोजपात्र, थोडे ग्रीस, टेफ्लॉनची फीत, नळीच्या दोनचार क्लिपा व आपल्या पंपाच्या मापाचा वॉशरांचा संच ठेवावा. वॉशर विकत आणताना जुना वॉशर बरोबर न्यावा, म्हणजे माप चुकत नाही. या कामासाठी वापरलेले पातेले व ब्रश पुन्हा घरकामात घेऊ नयेत.

हातात रबरी हातमोजे घालूनच कामास आरंभ करावा. पंपात दाब असताना कोणताही जोड सैल करू नये. प्रथम ट्रिगर दाबून धरावा आणि धार पूर्ण थांबल्यावर मगच पाना लावावा.

प्रत्येक फवारणीनंतरची स्वच्छता

दुरुस्तीचे निम्मे काम रोजच्या स्वच्छतेनेच टळते. फवारणी संपताच, औषध वाळण्यापूर्वी, पंप धुवावा. टाकीत तीनचार लिटर स्वच्छ पाणी घ्यावे, झाकण लावून टाकी चांगली हलवावी व ते पाणी नळी, दांडी व नोझल यांतून बाहेर काढावे. असे तीन वेळा करावे. नुसती टाकी विसळून उपयोग नाही. नळीत व दाबाच्या कोठीत राहिलेले द्रावणही निघून गेले पाहिजे. हे धुवण नुकत्याच फवारलेल्या पिकावरच फवारून टाकावे. विहीर, नाला, पाणवठा अथवा गुरांचा हौद यांच्याजवळ पंप कदापि धुऊ नये.

यानंतर नोझल व गाळण्या काढून ब्रशाने स्वच्छ कराव्या. नोझलचे छिद्र तारेने वा टाचणीने टोकरू नये, कारण त्यामुळे छिद्र मोठे व वेडेवाकडे होऊन फवारा कायमचा बिघडतो. नोझल तोंडात धरून फुंकण्याची सवय तर अतिशय घातक होय. घाण घट्ट बसली असेल तर नोझल साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवावे व ब्रशाने हलकेच घासावे.

तणनाशकासंबंधी विशेष सूचना

एका गावी एका शेतकरी बंधूंनी आपल्या कपाशीवर नवाच रोग आल्याची तक्रार केली. शिवारात जाऊन पाहता पाने अरुंद, लांबोडी व भेंडीच्या पानासारखी चिरलेली दिसली व शिरा जाड झाल्या होत्या. बाजूच्या शेतातील कपाशी मात्र निकोप होती. चौकशी केल्यावर असे कळले की, आठ दिवसांपूर्वी त्याच पंपाने बांधावरील तणांवर 2,4-डी फवारले होते व नंतर पंप एकदाच पाण्याने विसळून कपाशीवर कीटकनाशक फवारले होते. रोग कपाशीला नव्हता. दोष पंपात होता.

2,4-डी हे तणनाशक रुंद पानांच्या वनस्पतींवर परिणाम करते व कपाशी त्यास फारच नाजूक आहे. द्राक्ष व टोमॅटो ही पिकेही तशीच. पंपात राहिलेला अत्यल्प अंशसुद्धा या पिकांस बाधतो. त्यातही त्याचा एस्टर हा प्रकार तेलकट असल्याने रबर व प्लॅस्टिक यांत मुरून बसतो व साध्या पाण्याने निघत नाही. म्हणून तणनाशकासाठी स्वतंत्र पंप ठेवणे हाच खरा निर्धास्त उपाय होय. त्या पंपावर तांबड्या रंगाचा रुंद पट्टा ओढून ठेवावा, म्हणजे घरातील वा मजुरांपैकी कोणाचीही चूक होणार नाही. प्रत्येकास दुसरा पंप घेणे परवडत नसेल तर चारपाच शेजाऱ्यांनी मिळून असा एक पंप ठेवावा.

नाइलाजाने एकच पंप वापरावा लागला, तर तो आधी वरीलप्रमाणे तीन वेळा धुवावा. नंतर एक लिटर पाण्यास 5 ग्रॅम या प्रमाणात धुण्याचा सोडा मिसळून, म्हणजे 16 लिटरच्या टाकीस 80 ग्रॅम सोडा घेऊन, टाकी भरावी. थोडे द्रावण नळी व दांडीतून बाहेर सोडावे, म्हणजे तेथेही ते भरून राहील. रात्रभर तसेच ठेवून सकाळी सारे द्रावण काढावे व पुन्हा स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुवावे. एवढे करूनही शंका राहिल्यास पंपात साधे पाणी भरून ते टोमॅटोच्या दोनचार रोपांवर फवारावे व आठवडाभर वाट पाहावी. रोपांचे शेंडे व पाने मुरडली तर तो पंप कपाशीवर नेऊ नये.

नेहमीचे बिघाड व त्यांची दुरुस्ती

हातदांडा हलका चालतो, पण दाब धरत नाही, असे झाल्यास दट्ट्याचे वॉशर झिजले आहे अथवा झडपेत कचरा अडकला आहे असे समजावे. दट्ट्या बाहेर काढून वॉशर पाहावे. ते चामड्याचे असून वाळले असेल तर रात्रभर एरंडेल तेलात भिजत घालावे, म्हणजे फुगून पुन्हा कामास येते. फाटले असेल तर बदलावे. रबरी वॉशर व कड्या मात्र रॉकेल वा खनिज तेलात घालू नयेत, कारण त्यामुळे रबर फुगते व निकामी होते. झडपेची गोळी व तिची बैठक फडक्याने पुसून घ्यावी. एखादा वाळूचा कणही झडप नीट बसू देत नाही. म्हणून टाकीत पाणी ओतताना तोंडावरील गाळणी काढून टाकू नये.

हातदांडा जड चालतो व धार मात्र क्षीण येते, तेव्हा नोझल अथवा दांडीतील गाळणी तुंबलेली असते. ती साफ करावी. फवारा एकाच बाजूस पडत असेल किंवा त्यात जाड धारा दिसत असतील तर नोझलची चकती झिजली आहे. तिला दुरुस्ती नाही, ती बदलावी.

ट्रिगर सोडल्यावरही नोझलमधून थेंब गळत राहतात, हा दोष फार आढळतो. याचे कारण ट्रिगरमधील लहान वॉशर वा स्प्रिंग होय. हा भाग स्वस्त असतो व तो बदलण्यास थोडाच वेळ लागतो. पण तो न बदलल्यास दिवसभर हात व पाय विषारी पाण्याने भिजत राहतात.

नळीच्या जोडात गळती असल्यास त्यावर चिंधी अथवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती सोडून द्यावी. चिंधी गळती थांबवीत नाही, उलट विष शोषून घेऊन ते कातडीस लावीत राहते. नळीचे ताठर झालेले टोक दोन बोटे कापून टाकावे, नवे टोक जोडावर पुरते चढवावे व क्लिप आवळावी. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉनची फीत आट्यांच्या दिशेने दोनतीन वेढे गुंडाळावी. नळीस मध्येच चिरा पडल्या असतील तर नळीच बदलावी.

झाकणातून पाणी डचमळून पाठीवर येत असेल तर झाकणाची रबरी कडी बदलावी व टाकी काठोकाठ भरू नये. झाकणास हवेसाठी एक बारीक छिद्र असते. ते बुजले तर टाकीत हवा शिरत नाही व धार कमी होते. म्हणून तेही मोकळे ठेवावे.

हल्ली बॅटरीवर चालणारे पंप पुष्कळ झाले आहेत. त्यांची टाकी कोरडी असताना मोटर चालवू नये व शोषणनळीची गाळणी नियमाने धुवावी. शिसे-आम्लाची बॅटरी हंगामानंतर उतरलेल्या स्थितीत ठेवल्यास खराब होते. ती पूर्ण भारित करून ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भारित करावी. मोटर व तारांच्या बाजूवर पाणी ओतून पंप धुऊ नये.

नोझलची परीक्षा

झिजलेले नोझल डोळ्यांना चांगले दिसते, पण अधिक औषध ओतत असते. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीमुळे पितळी नोझल विशेष लवकर झिजते. यासाठी नवीन नोझल बसविताच, दाब सारखा ठेवून, एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजपात्रात मोजावे व तो आकडा टाकीवर लिहून ठेवावा. पुढे प्रत्येक हंगामारंभी तसेच मोजावे. समजा, नव्या नोझलमधून मिनिटास 600 मिलिलिटर पाणी पडत होते व आता 660 अथवा त्याहून अधिक पडते. म्हणजे एकदशांश वाढ झाली. असे नोझल बदलणे इष्ट होय.

एकरी किती पाणी लागते हेही याच वेळी पाहून घ्यावे. 33 फूट लांब व 33 फूट रुंद, म्हणजे एक गुंठा, जागा आखून नेहमीच्या चालीने साधे पाणी फवारावे. लागलेल्या पाण्यास 40 ने गुणले असता एकराचा हिशेब मिळतो. गुंठ्यास 5 लिटर लागले तर एकरास 200 लिटर लागतील. हा हिशेब नसल्यामुळेच औषधाची मात्रा कमीअधिक होते.

कोरड्या पाठीची कसोटी

दुरुस्ती झाल्यावर पंप एकदम औषधाने भरू नये. टाकीत साधे पाणी भरून, धुतलेला कोरडा सदरा घालून पंप पाठीवर घ्यावा व अर्धा तास फवारावे. नंतर पंप उतरवून सदऱ्याची पाठ, दंड व हाताचे तळवे पाहावेत. कोठेही ओल आढळली तर पंप अद्याप तयार नाही असे समजून जोड पुन्हा तपासावे. पाठ पूर्ण कोरडी राहिली तरच पंपात औषध घालावे. अर्थात पंप निर्दोष असला तरी हातमोजे, अंगभर कपडे, तोंडावरील आवरण व चष्मा यांना फाटा देता येत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करूनही फवारू नये.

इतके करून औषध अंगावर सांडलेच तर भिजलेले कपडे तत्काळ काढून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोकेदुखी, मळमळ, अतिघाम, तोंडास लाळ सुटणे, अंधुक दिसणे किंवा स्नायू उडणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात न्यावे व औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक डॉक्टरांस दाखवावे.

पंप ठेवण्याची रीत

हंगाम संपल्यावर पंप धुऊन, पूर्ण निथळून, झाकण उघडे ठेवून सावलीत उपडा ठेवावा. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते व उंदीर नळ्या कुरतडतात. म्हणून कुलपाच्या खोलीत उंचावर जागा करावी. फिरत्या भागांस ग्रीसचा हात द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. अक्षय्यतृतीयेनंतर व रोहिणी नक्षत्र निघण्यापूर्वी एक दिवस ठरवून गावातील सर्व पंप चावडीपाशी आणवावेत, वॉशर व नोझल यांचा थोडा साठा जवळ ठेवावा आणि प्रत्येक पंपाची परीक्षा धन्याच्या देखत करावी. ज्यांच्या पाठीवर पंप प्रत्यक्ष चढतो त्या मजुरांनाही तेथे बोलवावे, कारण गळती प्रथम त्यांनाच कळते व तिचा त्रासही प्रथम त्यांनाच होतो. येत्या खंडेनवमीस नांगरवखरांच्या पंक्तीत हा पंपही धुऊन मांडावा व त्याची पाठ, नळी, नोझल एकदा निरखून पाहावी. त्यावर मोडलेला अर्धा दिवस कधीही वाया जाणार नाही.