सुभेदारांना ऐकवलेले गाणे

खांदेश्वरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी आम्ही चार म्हातारे जमतो. त्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, सातारच्या बाजूचे. परवा मी त्यांना तरुणपणी कॅसेटवर ऐकलेले एक इंग्रजी गाणे मोबाइलवर ऐकवले आणि लगेच मनात आले, चूक तर केली नाही ना?

गाणे 'कंट्री जो अँड द फिश' या कॅलिफोर्नियातल्या बँडचे. विजेच्या गिटारी आणि ऑर्गनच्या सुरांनी नशेसारखी धुंदी आणणारे त्यांचे संगीत 'सायकेडेलिक रॉक' म्हणून ओळखले जाई. हे गाणे १९६५ चे, पण त्यांच्या पहिल्या तबकडीत त्याला जागा मिळाली नाही. १९६७ च्या अखेरीस दुसरी तबकडी निघाली, ती मात्र या गाण्याच्याच नावाने: 'आय फील लाइक आयम फिक्सिन टू डाय'. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा ऐन भरात होते.

गाण्याची चाल जत्रेतल्या बाजासारखी उडती. सेनापती, शस्त्रांवर पैसा करणारे आणि शेवटी मुलाला रणावर धाडणारे आईबाप, सगळ्यांना हसत हसत चिमटे. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची रीत याहून वेगळी काय असते? ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात जो मॅकडोनाल्ड एकटाच गिटार घेऊन उभा राहिला आणि समोरचा अफाट जमाव त्याच्याबरोबर गाऊ लागला. पुढच्या वर्षी आलेल्या चित्रपटाने ते दृश्य जगभर नेले. युद्धविरोधी चळवळीला आपले गाणे मिळाले.

"गाणाऱ्याला फौजेतले काय कळते?" सुभेदारांनी विचारले. मी सांगितले, जो स्वतः अमेरिकी नौदलात होता. त्याचा राग शिपायावर नव्हता, त्याला धाडणाऱ्यांवर होता. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीही तो पुढे गात राहिला.

गाण्याने युद्ध थांबले, असे मी म्हणणार नाही. ते १९७५ मध्ये संपले. तोवर ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक गेले, व्हिएतनामी माणसे तर लाखांनी.

सुभेदार बराच वेळ गप्प होते. त्यांचे थोरले बंधू १९७१ च्या लढाईत गेले. तार आली तेव्हा आई दळण निवडत होती.

"आईबापांची अशी थट्टा आमच्या गावात कोणी ऐकून घेणार नाही," ते म्हणाले. "पण लढाई ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही, हेही खरेच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.