खोली आपली, जमीन शेजाऱ्याची

यॉर्कशायरमध्ये घर शोधताना एक आवडलं. भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या घरांच्या रांगेतलं. मागची बेडरूम मात्र शेजाऱ्याच्या मालकीच्या बोळावर होती. इंग्लंडात याला ‘फ्लाइंग फ्रीहोल्ड’ म्हणतात. मी बोळात उभी राहून वर पाहिलं: खोलीची तुळई थेट शेजाऱ्याच्या भिंतीत. ती भिंत त्यानं दुरुस्तच केली नाही, तर?

इथला कायदा नेमका इथेच तोकडा पडतो. ‘दुरुस्ती करीन’ असं जुन्या मालकानं लिहून दिलेलं वचन पुढच्या खरेदीदारावर बंधनकारक नसतं. ‘रोन विरुद्ध स्टीफन्स’ खटल्यात १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं हेच ठरवलं. सॉमरसेटमधल्या एका घराचं छप्पर शेजारच्या कॉटेजवर आलं होतं. ते गळत होतं, दुरुस्तीचं वचनही कागदावर होतं. तरी कॉटेजवाले हरले. मला हा सरळ अन्याय वाटतो.

कर्ज देणारेही अशा घरांना बिचकतात. विमा मिळतो, पण तो शेजाऱ्याची भिंत बांधून देत नाही. म्हणून आधी सॉलिसिटरला विचारा: आधाराचा, दुरुस्तीसाठी आत जाण्याचा हक्क दस्तात आहे का? नसेल, तर शेजाऱ्याशी नवा करार झाल्याशिवाय सही करू नका.