पहिली आवृत्ती, पहिलं शिखर

1864 साली चार्ल्स पॅक हा इंग्रज वनस्पतीप्रेमी बालाइतूसच्या माथ्यावर पोचला. फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधोमध उभ्या असलेल्या पिरेनीज पर्वतरांगेतलं हे 3144 मीटर उंचीचं, सगळीकडून कडे तुटलेलं शिखर. दोन वर्षांपूर्वी त्याने इथे वाट शोधण्यात दिवसच्या दिवस घालवले होते आणि हात हलवत परतला होता. या वेळी वाट सापडली. पण वर पोचल्यावर पाहतो तर दगडांवर दगड रचून केलेला एक जुना, ढासळलेला बुरूज. त्याच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. शिवाय नुसतं येऊन गेलं नव्हतं, चांगलं राहून काम करून गेलं होतं.

ही माणसं कोण होती, कशी चढली, त्यांच्यावर काय गुदरलं, ही सगळी हकीकत जगापुढे यायला विसावं शतक उजाडावं लागलं. ती ज्याने आणली तो गिर्यारोहक म्हणून गाजलेला नव्हता. तो पॅरिसमधला पुस्तकवेडा होता. त्याचं नाव आंरी बेराल्दी.

बेराल्दीचा जन्म 1849 चा, पॅरिसमधला. काही काळ त्याने नौदल मंत्रालयात नोकरी केली, पण जीव रमला तो छापील कागदात. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, सचित्र पुस्तकं आणि त्यांच्या बांधण्या यांत तो आकंठ बुडाला. रोजे पोर्तालिस या सरदाराच्या जोडीने त्याने अठराव्या शतकातल्या कोरीव चित्रकारांवर तीन खंड लिहिले (1880 ते 1882). मग एकट्याने एकोणिसावं शतक हाती घेतलं आणि 1885 ते 1892 या सात वर्षांत बारा खंड पुरे केले. आजही जुन्या फ्रेंच छापचित्रांचा अभ्यासक या खंडांना टाळून पुढे जाऊ शकत नाही.

संग्राहकाची नजर कशी असते हे इथे जरा जवळून पाहायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या नजरेतूनच निघते. अम्लरेखनाचं चित्र करताना चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतो. त्यावर सुईने रेघा ओढतो. पत्रा आम्लात बुडवला की जिथे मेण खरवडलं गेलं तिथे तांबं खाल्लं जातं. मग शाई भरून दोन-चार ठसे काढून बघायचे. एखादी सावली फिकी वाटली तर पत्रा पुन्हा हाती घ्यायचा, रेघा वाढवायच्या, पुन्हा ठसा काढायचा. सगळ्यात शेवटी चित्राखाली शीर्षक आणि नावं कोरली जातात. यातल्या प्रत्येक टप्प्याचा ठसा वेगळा, आणि जाणकार त्याला पत्र्याची एकेक अवस्था म्हणतात. अक्षरं कोरण्यापूर्वीचा ठसा हाती लागला की संग्राहकाला दिवाळी. वरवर एकच दिसणारी दोन चित्रं शेजारी ठेवून यातलं आधीचं कुठलं, हे तो एका रेघेवरून सांगतो. आधीचं कोण? पुरावा काय? बेराल्दीच्या हाडीमांसी हेच दोन प्रश्न भिनलेले होते.

पुस्तकांच्या बांधणीवरचे त्याचे चार खंड 1895 ते 1897 मध्ये निघाले, अवघ्या 295 प्रती. बकऱ्याचं कमावलेलं कातडं, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात, वर सोन्याचा वर्ख आणि त्यावर तापवलेल्या पितळी ठशाचा दाब. ठसा जास्त तापला तर कातडं करपतं, कमी तापला तर सोनं धरत नाही. या कारागिरांची नावं पुस्तकाच्या वाचकाला ठाऊकही नसतात. बोझेरियाँ, तूवनँ, सिमिए, त्रोत्झ-बोझोने, मारियुस-मिशेल अशा माणसांना बेराल्दीने लेखकांच्या तोलामोलाने इतिहासात बसवलं. मला त्याचा हा गुण फार मोठा वाटतो. ज्याच्या हातून वस्तू घडली त्याचं नाव शोधून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

आणि मग हा माणूस पर्वताकडे वळला. पिरेनीज त्याला आवडत, तो तिथे हिंडत असे, पण नवी शिखरं सर करण्याचा त्याचा पिंड नव्हता. त्याने केलं ते असं: पिरेनीजवर छापला गेलेला जमेल तितका कागद गोळा केला. प्रवासवर्णनं, वाटाड्यांच्या पुस्तिका, नकाशे, शिळाछापावरची दृश्यं, मंडळांच्या वार्षिकांतले लेख. ते सगळं वाचून, तारखा ताडून त्याने 1898 ते 1904 या काळात सात खंड लिहिले. नाव, ‘सां आं ओ पिरेने’, म्हणजे ‘पिरेनीजमधली शंभर वर्षं’. छापल्या त्या मोजक्याच प्रती. याच ग्रंथातून त्याने एक शब्द रुजवला: पिरेनेइझ्म. आल्प्सवरून आल्पिनिझ्म हा शब्द आधीपासून होता आणि तो कुठल्याही डोंगरावरच्या चढाईला सरसकट लावला जाई. बेराल्दीचं म्हणणं, पिरेनीजची रीत निराळी आहे. इथे नुसतं चढून भागत नाही. चढणाऱ्याला लिहिता यायला हवं, आणि लिहिण्याआधी तो डोंगर त्याच्या अंगात मुरायला हवा. या तिन्हींतलं एक जरी उणं असलं तरी बाकीची दोन लंगडी पडतात, अशी त्याची धारणा होती.

या शंभर वर्षांची सुरुवात त्याने रामोंपासून केली. लुई रामों हा स्ट्रासबुर्गचा, कार्डिनल रोआंचा सचिव. राणीच्या हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण अंगाशी येऊन रोआं दरबारातून दूर झाला आणि त्याच्याबरोबर रामों 1787 साली बारेजच्या गरम झऱ्यांपाशी आला. धन्याची सेवा करता करता त्याला डोंगराने ओढलं. 1789 मध्ये त्याचं पिरेनीजवरचं पहिलं पुस्तक आलं. पुढे मों पेर्दूने, म्हणजे ‘हरवलेल्या पर्वताने’, त्याला वर्षानुवर्षं झुलवलं. अखेर 6 ऑगस्ट 1802 ला त्याचे वाटाडे रोंदो आणि लोराँ एका स्पॅनिश मेंढपाळाच्या साथीने 3355 मीटरचा तो माथा गाठून आले. रामों स्वतः चार दिवसांनी, 10 तारखेला पोचला. पण त्यावर लिहिलं रामोंने, आणि शिखर त्याच्याच नावावर लागलं.

रसेलला बेराल्दीच्या इतिहासात मानाचं पान आहे, आणि ते योग्यच. आयरिश बापाचा, तूलूझमध्ये जन्मलेला हा काउंट विन्येमाल शिखराच्या इतका प्रेमात पडला की हिमनदीच्या काठी त्याने खडकात राहण्यासाठी गुहा खोदवून घेतल्या, आणि 1889 मध्ये तिथला मुलूख वर्षाला एक फ्रँक भाड्याने 99 वर्षांच्या कराराने स्वतःच्या नावावर केला. तो त्या शिखरावर 33 वेळा गेला. रसेल, वालों, श्राडेर, लकत्र, सँ-सो, गुर्दों आणि प्रुदाँ या सात जणांना बेराल्दीने एकत्र गुंफून कृत्तिकांच्या झुबक्याचं नाव दिलं. यातल्या श्राडेरने क्षितिजरेषा कागदावर उतरवणारं यंत्र स्वतः बनवलं होतं, त्यामुळे त्याचे नकाशे नुसते पाहत बसावेत इतके सुंदर आहेत.

पण बेराल्दीचं मला सगळ्यात भावणारं काम म्हणजे बालाइतूसच्या त्या ढासळलेल्या बुरजाचा त्याने लावलेला छडा. ज्या काळाबद्दल छापील काही नव्हतं, तिथे तो थांबला नाही, लष्कराच्या दप्तरात शिरला. फ्रान्सचा नकाशा करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मोजणीच्या वह्या आणि अहवाल तिथे पडून होते. त्यांतून दोन नावं वर आली: पेतिए आणि ओसार. कर्नल कोराबफच्या हाताखाली पिरेनीजच्या त्रिकोणमितीय मोजणीवर असलेल्या या दोन तरुण अधिकाऱ्यांनी बालाइतूस 1825 च्या ऑगस्टमध्येच सर केलं होतं. पॅकच्या एकोणचाळीस वर्षं आधी! विक्रमाचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. शिखरावर खूण उभारायची, कोन मोजायचे, धुकं हटेपर्यंत तंबूत तग धरायचा, एवढंच त्यांचं काम. ते आटोपल्यावर आकडे वरिष्ठांकडे गेले आणि हकीकत फायलीत राहिली. पेतिए पुढे ग्रीसमध्ये गेला आणि नव्याने स्वतंत्र होत असलेल्या त्या देशाच्या मोजणीत गढला.

बेराल्दीने हे 1907 पासून ‘बालाइतूस आणि पेल्वू’ या नावाने छापलं. पेल्वू हा आल्प्सच्या दोफिने भागातला पर्वत. तिथेही हाच प्रकार: कॅप्टन दुराँ 1828 मध्ये आणि पुन्हा 1830 मध्ये मोजणीसाठी वर गेला होता. त्या पर्वताच्या एका माथ्याला आज त्याचं नाव आहे.

कागदावर विसंबणाऱ्या इतिहासकाराला कागद दिसला नाही की काय होतं, याचाही एक दाखला पिरेनीजमध्येच आहे. 1838 च्या 7 ऑगस्टला अ‍ॅन लिस्टर ही इंग्रज बाई विन्येमालवर चढली. चारच दिवसांनी मॉस्क्वाचा प्रिन्स चढला. वाटाड्या काझोने प्रिन्सला सांगितलं की बाई माथ्यापर्यंत पोचलीच नव्हती. लिस्टरने काझोचे पैसे अडवून ठेवले आणि ती वर पोचल्याच्या दाखल्यावर त्याची सही घेतली. पण प्रिन्सचा लेख नियतकालिकात छापून आला आणि लिस्टरची बाजू तिच्या डायऱ्यांत राहिली. त्या सुमारे 50 लाख शब्दांच्या, काही भाग सांकेतिक लिपीत. बेराल्दी पॅरिसमध्ये तारखा जुळवत होता तेव्हा त्या हॅलिफॅक्सजवळच्या शिबडेन हॉलमध्ये होत्या. कित्येक वर्षं त्या तिथेच भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे दडवलेल्या राहिल्या.

बेराल्दी पॅरिसच्या ग्रंथप्रेमींच्या ‘लेझामी दे लिव्र’ या नामांकित मंडळाचा अध्यक्ष झाला, पण डोंगर काही सुटला नाही. सत्तरी ओलांडल्यावरही पिरेनीजच्या सर्वोच्च भागावर त्याने तीन खंड काढले. त्याचं शेवटचं पुस्तक 1931 चं. त्यातही पिरेनीजच आहे, आणि उपशीर्षकात लिहिलंय: एका ग्रंथप्रेमीच्या नोंदी. त्याच वर्षी तो गेला.

1934 आणि 1935 मध्ये त्याचा संग्रह पॅरिसमध्ये लिलावात निघाला आणि पुस्तकं जगभर पांगली. त्यांतलं एखादं अजूनही कधीतरी विक्रीला येतं. विक्रेता यादीत पुस्तकाचं वर्ष, बांधणाऱ्याचं नाव, चित्रांची अवस्था लिहितो. मग आधीच्या मालकांची नावं येतात, क्रमाने, शिखरावर पोचलेल्यांची लिहावीत तशी. त्या नावांत बेराल्दी असला तर विक्रेता ते ठळक अक्षरांत छापतो.