दुसऱ्या चंद्रभागेच्या तीरी

आषाढी एकादशी आली की चंद्रभागेचे नाव घरोघर ओठी येते. पंढरीस भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. परंतु याच नावाची एक नदी हिमालयात, लाहौल प्रांती आहे. तांदी येथे चंद्रा आणि भागा यांचा संगम होतो; हीच नदी पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. तिच्या खोऱ्यात, सुमारे 9,000 फूट उंचीवर, त्रिलोकनाथाचे देवस्थान आहे.

गतवर्षी आम्ही प्रकाशाहून तापी-गोमाईच्या संगमाचे तीर्थ गडूत घेऊन सपत्नीक तेथे गेलो. 2020 साली अटल बोगदा खुला झाल्यापासून वाट सुकर झाली आहे असे म्हणतात. आमच्या गुडघ्यांचे मत निराळे पडले.

मंदिर दगडी, शिखराचे, आपल्याकडील देवळासारखेच. परंतु प्रदक्षिणेच्या वाटेवर मंत्रांकित चक्रे, आणि पुजारी म्हणून लामा! मूर्ती शुभ्र पाषाणाची, षड्भुज. मस्तकी अमिताभ बुद्ध. हिंदू तिला शिव म्हणून भजतात, बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून. गडू हाती धरून आम्ही थबकलो. तापीचे जल वाहावयाचे, ते कोणाला?

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. कीर्तनात दशावतार निरूपिताना नवव्या अवतारापाशी आम्ही आजवर घाईच करीत आलो. बाराव्या शतकात जयदेवाने बुद्धाला केशवाच्या दहा रूपांत मानाने बसविले आहे. जुन्या मराठी पंचांगांच्या चित्रांत तर त्या नवव्या जागी विटेवरचा विठोबाच उभा असे. आमच्या तोरणमाळावर महाशिवरात्रीस गोरक्षनाथांची यात्रा भरते. त्या गोरक्षांचे नाव तिबेटी बौद्धांच्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मालिकेतही आहे, आणि त्यांचीच परंपरा गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना व ज्ञानदेवांना मिळाली. हे सारे ठाऊक असूनही आम्ही पुढे सरकत असू, कारण श्रोत्यांतून कोणी काही विचारील ही धास्ती! पोथ्या वाचल्या, पण धैर्य पोथीतून येत नाही.

एवढ्यात मंडळी हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, देव खाली आपल्याकडे बघतोय, आणि तुम्ही विचार कसला करताय?’’

आम्ही चपापलो. अवलोकितेश्वर या नामाचा अर्थ तोच लावतात : दुःखितांकडे करुणेने खाली पाहणारा स्वामी. संस्कृताचा एकही पाठ न घेतलेल्या बाईने तो एका वाक्यात सांगितला होता.

लामांनी गडू दोन्ही हातांनी घेतला, मूर्तीपुढे ठेवला आणि आम्हांस दिवा लावावयास दिला. मग आम्ही साष्टांग नमस्कार घातला.

येताना रिकामा गडू त्या चंद्रभागेच्या जलाने भरून आणला. तो देवघरात आहे. यंदा एकादशीच्या कीर्तनास पूर्वरंगासाठी आम्ही नववा अवतारच घेतला आहे. मंडळींनी पुढच्याच सतरंजीवर जागा सांगून ठेवली आहे.