उपयोजित वर्तन विश्लेषण

उपयोजित वर्तन विश्लेषण ही वर्तन आणि परिस्थिती यांच्यातील संबंधांचा अभ्यास करून, व्यक्तीच्या दैनंदिन जीवनात महत्त्वाच्या असलेल्या वर्तनात बदल घडवू पाहणारी विद्याशाखा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी मांडलेली साधक अभिसंधानाची तत्त्वे हा तिचा पाया होय. १९६८ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक अमेरिकेत सुरू झाले. त्याच वर्षी डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ व टॉड रिस्ली यांनी त्यातील एका लेखात या शाखेचे सात निकष सांगितले.

मूलतत्त्वे

वर्तनापूर्वीची परिस्थिती, प्रत्यक्ष वर्तन आणि त्यानंतरचा परिणाम या तिन्हींची नोंद एकत्र केली जाते. ज्या परिणामामुळे ते वर्तन पुढे वाढते त्यास प्रबलन म्हणतात. परिणाम देणाऱ्याचा हेतू येथे गौण असतो. शाबासकी मिळाल्यावर लाजाळू मूल उत्तर देणेच टाळू लागले, तर त्या मुलापुरती ती शाबासकी प्रबलन नव्हे.

धन व ऋण ही विशेषणे चांगले-वाईट या अर्थाने वापरलेली नाहीत. धन म्हणजे काही मिळणे, ऋण म्हणजे काही दूर होणे. डोकेदुखी गोळीने थांबली की पुढच्या वेळी गोळी घेण्याची शक्यता वाढते. हे ऋण प्रबलन. त्याला शिक्षा समजणे ही पाठ्यपुस्तकांच्या वाचकांची नेहमीची चूक आहे. शिक्षेने वर्तन घटते, प्रबलनाने ते वाढते.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. गणिताच्या तासाला वही फाडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले जाते. शिक्षकाच्या लेखी ही शिक्षा असते, पण न जमणाऱ्या गणितातून मुलाची सुटका होते आणि वह्या फाटतच राहतात. दुसरे मूल हेच लक्ष वेधण्यासाठी करत असेल, तर उपाय वेगळा लागेल. म्हणून वर्तन थांबवण्याआधी ते कशासाठी घडते हे शोधावे लागते. ब्रायन इवाटा व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेण्याच्या वर्तनाबाबत अशी कारणे तपासण्याची पद्धत मांडली.

स्वमग्नता आणि वाद

ही शाखा म्हणजे स्वमग्नतेवरील उपचार, हा समज अपुरा आहे. शिक्षण, पुनर्वसन व कामाच्या ठिकाणची सुरक्षितता यांतही तिचा वापर होतो. या समजाला मुख्यतः इव्हार लोव्हास यांचा १९८७ चा अभ्यास कारणीभूत ठरला. त्यात १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास प्रशिक्षण दिले गेले आणि ९ मुले सर्वसाधारण बुद्ध्यांकापर्यंत पोहोचल्याचे नोंदवले गेले. मात्र गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती, आणि मांडीवर चापटी मारण्यासारख्या शिक्षाही वापरल्या गेल्या.

हात फडफडवणे बंद करणे किंवा नजरेला नजर भिडवायला लावणे यांतून मुलाला केवळ इतरांसारखे दिसायला शिकवले जाते, अशी अनेक स्वमग्न प्रौढांची टीका आहे. ती या शाखेच्या स्वतःच्या निकषांनुसारही गंभीर ठरते, कारण निवडलेले वर्तन त्या व्यक्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे अशी १९६८ च्या लेखातच अपेक्षा होती. उद्दिष्टे, पद्धती व परिणाम संबंधितांना मान्य आहेत का, हे त्यांनाच विचारावे, असे वुल्फ यांनी १९७८ मध्ये सामाजिक वैधतेची संकल्पना मांडताना म्हटले. न बोलणाऱ्या मुलाने साहित्य दूर सारणे किंवा उठून जाणे हेही उत्तर मानून सत्र थांबवावे, अशी भूमिका आता काही व्यावसायिक घेतात.