वाळूचा ताळेबंद

समुद्रकिनारा म्हणजे जमिनीची सीमारेषा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः वालुकामय किनारा ही रेषा नव्हेच. ते जमाखर्चाचे अखंड चालणारे खाते आहे. नद्या डोंगर झिजवून आणलेली वाळू त्यात जमा करतात, लाटा ती पुढच्या किनाऱ्यांना वाटून देतात. जमा आटली आणि खर्च चालूच राहिला, तर दिवाळे ठरलेलेच.

उपग्रहचित्रांच्या आधारे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत २४ टक्के वालुकामय किनाऱ्यांची धूप होत असल्याचे आढळले. २८ टक्के किनारे वाढत असल्याचेही तीच पाहणी सांगते. समुद्राची पातळी चढत आहे, हे निर्विवाद; परंतु सारा दोष समुद्राच्या माथी मारून माणसाला मोकळे होता येणार नाही.

इजिप्तमध्ये आस्वानचे उंच धरण १९७० साली पुरे झाले. नाईलचा गाळ धरणामागे अडकला आणि रशीद येथील मुखाजवळचा किनारा वेगाने मागे हटला. पुदुच्चेरीत १९८०च्या दशकात बंदरासाठी समुद्रात भिंती घातल्या गेल्या. तेथे वर्षाचा बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. ती भिंतीच्या दक्षिणेस साचली आणि उत्तरेकडील शहराची चौपाटी नाहीशी झाली. शहर वाचवण्यासाठी दगड टाकले, तेव्हा धूप आणखी उत्तरेच्या कोळीवाड्यांच्या दाराशी गेली. एकाचे संरक्षण ते दुसऱ्याचे संकट ठरले!

त्यातच बांधकामाची भूक अनावर झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू व खडी वापरते. वाळवंटातील वाऱ्याने गुळगुळीत झालेले कण काँक्रीटला फारसे उपयोगी नसल्याने कुऱ्हाड कोसळते ती नद्यांवर व किनाऱ्यांवर.

भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामांपासून मुक्त ठेवावा, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ साली किनारी राज्यांना कळवले होते. १९९१ साली त्यातून अधिसूचना निघाली. २०१९ च्या अधिसूचनेने मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण भागांतील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. तेथील रहिवाशांच्या निवाऱ्याची गरज खरी आहे. पण वादळात लाटांचा मार झेलणारी वाळूच उरली नाही, तर तो निवारा टिकणार कशाच्या आधारावर? समुद्र आपले येणे वसूल करताना अधिसूचना वाचत नाही.