मैदान मुलांचे, मग नकाशा कुणाचा?

महापालिकेच्या बागेच्या फाटकावर चार-दोन वर्षांनी एक फलक लागतो : ‘उद्यानाचे नूतनीकरण व सुशोभीकरण.’ खाली कामाची रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि हात जोडलेले दोन-तीन फोटो. दुसऱ्या दिवशी भोवती पत्रे ठोकले जातात आणि आतली मुले रस्त्यावर येतात. काही महिन्यांनी पत्रे निघतात तेव्हा आत काय दिसते? सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मधोमध एक कारंजे, जे उद्घाटनाच्या दिवशी हमखास चालते. कडेने शोभेची झाडे, ‘गवतावर चालू नये’, ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ अशा पाट्या आणि कोपऱ्यात हत्तीच्या सोंडेची एक घसरगुंडी. ज्या मातीत पोरे लंगडी-कबड्डी खेळत होती ती माती गेलेली असते.

बाग शोभिवंत झाली हे खरे. पण खेळण्याजोगी राहिली काय? आणि हे सारे ठरवताना वस्तीतल्या एका तरी बाईला, एका तरी मुलाला कुणी विचारले होते काय?

काही वाचक बंधू-भगिनी म्हणतील, नोकरी, शिक्षण, घर असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना तुम्ही घसरगुंडीचे काय घेऊन बसलात! पण जरा आपल्याच घरात डोकावून पाहा. दहा बाय बाराची खोली. रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी आडवा झालेला असतो. म्हणून आई पोरांना सांगते, ‘गोंगाट करू नका, बाहेर जा.’ बाहेर म्हणजे कुठे? मोठ्या सोसायटीतल्या मुलाला आवार असते, क्लब असतो, सुट्टीत शिबिर असते. आपल्या मुलाला ते एक मैदान असते. तेही गेले तर त्याच्या वाट्याला नाका येतो, आणि नाक्यावर मुले काय शिकतात ते मी सांगायला नको. खेळणे हा मुलाचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 31 मध्ये लिहिले आहे. आपल्या बाबतीतल्या निर्णयात मुलाचे मत ऐकले जावे, हेही त्याच करारात कलम 12 मध्ये आहे. भारताने हा करार 1992 साली मान्य केला. म्हणजे आपण कुणाकडे मेहेरबानी मागत नाही.

लोकांनी मागितले आणि पालिकेने दिले, असे कुठे घडते तरी काय? घडले आहे. हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहराची ही हकीकत आपल्या प्रत्येक महिला मंडळात नि तरुण मंडळात सांगण्यासारखी आहे.

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले तेव्हा हे शहर खंगून गेलेले होते. पाच वर्षे नाझी जर्मनीचा ताबा. तेथील हजारो ज्यू कुटुंबांना पकडून छळछावण्यांत नेऊन ठार मारले होते. त्यांची घरे ओस पडली. 1944-45 च्या हिवाळ्यात अन्न नाही, कोळसा नाही, अशी उपासमार आली, तेव्हा गारठलेल्या लोकांनी त्या ओस घरांची तुळया-दारे-जिने काढून जाळले. घरे खचली, पडली. युद्धानंतर गल्ल्यागल्ल्यांत अशा मोकळ्या जागा होत्या. त्यात राडारोडा आणि कचरा होता. दुसरीकडे घरे अपुरी आणि लहान होती, आणि लहान मुलांची संख्या तर वाढत चाललेली.

खेळाची मैदाने त्या शहरात आधीही होती. पण त्यांपैकी बरीच संस्थांची होती. भोवती कुंपण, फाटकावर देखरेख करणारा माणूस, आणि आत प्रवेश सभासदांच्या मुलांना. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ काय, हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. कुंपणाबाहेर उभे राहिलेल्या मुलाला काय वाटते हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले ठाऊक होते.

नगरपालिकेच्या नगररचना विभागात त्या वेळी याकोबा मुल्डर नावाच्या एक कर्तबगार बाई होत्या, आणि आल्डो व्हॅन आइक नावाचा तिशीच्या आतला एक वास्तुरचनाकार नुकताच नोकरीला लागला होता. 1947 साली बर्टेलमनप्लाइन नावाच्या एका साध्या चौकात त्याने पहिले मैदान आखले. त्यात होते काय? रुंद काठाचा सिमेंटचा एक वाळूचा हौद, त्यात चार गोल दगड. कोलांटउड्या मारण्यासाठी लोखंडी नळीच्या दांड्या. सावलीला झाडे, बसायला बाके. संपले! कारंजे नाही, पुतळा नाही. आणि मुख्य म्हणजे कुंपण नाही, सभासदत्व नाही. ज्याला यायचे त्याने यावे.

ते पाहून दुसऱ्या मोहल्ल्यांतील लोक पालिकेला पत्रे लिहू लागले, ‘आमच्याही मुलांसाठी असे करा.’ आमच्या गल्लीत अमुक ठिकाणी जागा मोकळी पडली आहे, असे कळवू लागले. विभागातले लोक जागा पाहत, योग्य वाटली की व्हॅन आइक नकाशा काढत. हे एक-दोन वर्षे नव्हे, तब्बल 1978 पर्यंत चालले. 1951 साली त्यांनी पालिकेची नोकरी सोडली, तरी हे काम सोडले नाही. एकतीस वर्षांत सातशेहून जास्त मैदाने झाली! ज्या जागांवर मारल्या गेलेल्या माणसांची घरे होती, त्यांतल्या काहींवरही मुले खेळू लागली.

मी पडलो हिशेबाचा माणूस. सारा जन्म आवक-जावक आणि खतावणीत गेला. मला या हकीकतीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, मागणी साध्या पत्राने झाली. कचेरीत बसणाऱ्या माणसाला ठाऊक असते की तोंडी तक्रार हवेत विरते. अर्जाला मात्र क्रमांक पडतो, तो आवक नोंदवहीत चढतो, आणि त्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. दुसरी गोष्ट खर्चाची. सिमेंट, लोखंडी नळी, वाळू, विटा यांपलीकडे त्या माणसाने फारसे काही वापरले नाही. प्राण्यांच्या आकाराची खेळणी त्याला पसंत नव्हती. हत्तीच्या सोंडेवरून मूल फक्त घसरू शकते. पण नुसती वाकवलेली नळी असेल तर तिचे घर होते, पूल होतो, घोडा होतो, गप्पांचा कट्टाही होतो. मुलाच्या डोक्याला काम राहते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तिथे लोकांनी ‘कुठे’ हे सांगितले. ‘कसे’ हे एका हुशार माणसाने ठरवले. सगळीकडे असा माणूस मिळत नाही. आणि हुशार माणसालाही जे दिसत नाही ते मोजून पाहावे लागते.

हे मोजण्याचे काम ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने केले. तिथे पालिकेचे एक महिला कार्यालय 1992 मध्ये सुरू झाले. एव्हा काइल या बाई त्याच्या प्रमुख होत्या. 1996-97 मध्ये तिथे पाहणी झाली, तेव्हा कळले की नऊ वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून एकदम नाहीशा होतात. मुलगे मात्र येतच राहतात. कारण? चेंडूच्या खेळांच्या जागा मुलगे व्यापून बसत, आणि जागेसाठी भांडायचे कसे ते मुलींना जमत नसे. त्या माघार घेत. म्हणून 1999 मध्ये मार्गारेटेन या दाट वस्तीच्या भागातल्या दोन बागा नव्याने आखल्या. एका मोठ्या मोकळ्या जागेचे लहान-लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आत यायला जास्त वाटा ठेवल्या. थोड्याच दिवसांत मुली परतल्या, आणि मुलग्यांनाही कुणी हाकलले नाही.

आपण म्हणू, ते युरोप, आपण इथे. मग इथलेच सांगतो. आमच्या वस्तीतल्या बागेच्या नूतनीकरणाची कुणकुण लागली तेव्हा महिला मंडळाने आणि आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठरवले की पत्रे ठोकल्यावर ओरडण्यात अर्थ नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज केला आणि अंदाजपत्रकाची प्रत मागवली. ती एका संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवली. पेव्हर ब्लॉक, शोभेचे दिवे, ग्रील, कमान... एक एक बाब वाचत गेलो. शेवटी एका आजीने विचारले, “भाऊ, यात पान्याचा नळ कुठं आला?” आलाच नव्हता. मुतारीही नव्हती. दिवसभर मुले खेळणार आणि पाण्याला घरी धावणार!

मग नववीतल्या दोन मुलींना एक वही दिली. आठवडाभर त्यांनी तासातासाने मुलगे किती, मुली किती, आया किती, म्हातारी माणसे किती, हे रकाने भरले. व्हिएन्नाचे नावही त्यांना माहीत नव्हते, पण संध्याकाळी सहानंतर मुलींच्या रकान्यात बहुतेक दिवशी भोपळाच होता. का म्हणून विचारले, तेव्हा त्यातली एक खाली मान घालून म्हणाली, “काका, फाटकाजवळ कट्ट्यावर टोळकं बसतं. त्यांच्या मधून आत जावं लागतं.” आम्ही वर्षानुवर्षे त्या फाटकातून ये-जा करणारे बापे! आम्हाला ते फाटक म्हणजे फाटक होते.

त्यानंतरच्या रविवारी चुन्याची फक्की आणली आणि कागदावर नव्हे, मैदानातच नकाशा काढला. हौद इथे, दांड्या इथे, बाके इथे, असे खऱ्या मापाने आखले. आया येऊन फक्कीच्या बाकावर मांडी घालून बसल्या आणि तिथून आपले मूल दिसते का ते पाहू लागल्या. दोन बाके जागच्या जागी सरकवावी लागली. मुलींच्या सांगण्यावरून बायकांच्या वर्दळीच्या गल्लीकडे दुसरे फाटक आखले. तेवढ्यात क्रिकेटवाल्या पोरांशी वाद झालाच. त्यांना सगळे मैदान हवे होते. ‘आम्ही काय फक्त आजींच्या मांडीवर बसायचं?’ असा त्यांचा सवाल. तो सवाल खोटा नव्हता. त्यांनाही दुसरी जागा नाही. दोन तास हमरीतुमरी झाली. शेवटी लांबीच्या बाजूने एक पट्टा जाळी लावून त्यांना द्यायचे ठरले, तिथे मऊ चेंडूच वापरायचा, आणि सकाळी तो पट्टा कबड्डीच्या मुलींचा. सगळे खूश झाले असे नाही. पण उद्या कुणी म्हणणार नाही की मला विचारले नव्हते.

सर्वांत उपयोगाचे बोलल्या त्या बाग झाडणाऱ्या ताई. त्यांना आजवर कुणी बैठकीला बोलावलेच नव्हते. त्या म्हणाल्या, “वाळूचा हौद करा, पण रात्री झाकायला काही तरी ठेवा. नाही तर मांजरं घाण करतात, काचा टाकतात, आणि ती वाळू मलाच उपसावी लागती.” झाडांच्या आळ्यांभोवती टोकदार विटा नकोत, पाणी मैदानाच्या या कोपऱ्यात तुंबते, दिवा त्या खांबावरच पाहिजे, असे त्यांनी भराभर सांगितले. कुठल्याही वास्तुरचनाकाराच्या पाहणीत हे आले नसते. जो रोज जागा झाडतो त्याला जागा पाठ असते. आपल्याच वाचकांच्या घरात अशी कितीतरी माणसे आहेत. त्यांचे हे ज्ञान आपण ज्ञान म्हणून मोजतच नाही.

फक्कीचा नकाशा कागदावर उतरवून, वहीतल्या रकान्यांची प्रत जोडून, सह्या-अंगठ्यांसह अर्ज विभाग कार्यालयात दिला. पोहोच घेतली. अभियंता साहेब येऊन जागा पाहून गेले. नळ मान्य झाला, दुसरे फाटक मान्य झाले, बाग दुपारीही उघडी ठेवायचे ठरले. कमान मात्र त्यांनी काढली नाही, आणि मुतारीला जागेचे कारण दाखवून नकार दिला. त्यासाठी दुसरा अर्ज गेला आहे.

ज्या वस्तीत असा फलक लागण्याच्या बेतात असेल त्यांनी टेंडर निघण्याच्या आधीच हालचाल करावी. एकदा कामाचा आदेश निघाला की ठेकेदार म्हणतो, कागदावर आहे तेच करणार, आणि त्याचे ते म्हणणे कायद्याने बरोबर असते. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात, एकीवर तारखेसह शिक्का घ्यावा. बैठक रविवारी सकाळी अकराला ठेवू नये. त्या वेळी बायका स्वयंपाकात असतात आणि बैठकीला नुसते पुरुष येतात. संध्याकाळी पाचची वेळ बरी.

आमच्याकडे हौदाचे बांधकाम झाले आहे, वाळू यायची आहे. रात्री त्यावर ताडपत्री कुणी घालायची यावर बरीच चर्चा झाली. पहिल्या महिन्याची पाळी क्रिकेटवाल्या पोरांनी मागून घेतली आहे.